ओली पोती

आमच्या मच्छीमार संस्थेची सचिव मी झाले ती माझ्या तोंडामुळे. बारावी शिकलेल्या सुना गावात आणखी होत्या. पण तालुक्याला कोणाशी भांडायची वेळ आली की म्हातारी माणसं म्हणायची, "हिले पाठवा. हे खाली हात वापस नाई येत." मलाही त्याचा तोरा होता. राग हे आपलं भांडवल आहे, असं मी समजायचे. पण त्या श्रावणात जो राग आला तो खर्च होऊन संपला नाही. अजून आहे. हे लिहितानाही दात आवळले जातायत, म्हणून आधी तांब्याभर पाणी पिऊन घेतलं.

धानोऱ्याच्या बाजूला, जंगलाला लागून आमचं गाव. घरटी थोडं थोडं धान, आणि गावाच्या डोक्यावर मालगुजारांच्या काळातला जुना मालगुजारी तलाव. तलाव सरकारचा, त्यात मासे धरायचा ठेका आमच्या संस्थेचा. पुरुष जाळं टाकतात, बाया टोपली घेऊन गावोगाव विकतात. आदल्या उन्हाळ्यात पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, दुरुस्तीसाठी तलाव पार तळापर्यंत रिकामा केला होता. गाळ निघाला, पाळ पक्की झाली, पुढाऱ्यांचे फोटो निघाले. मासा मात्र एक उरला नाही. एरवी जुने मासे खोल डोहात राहतातच, नवं बीज मेलं तरी वर्ष कसंबसं निघतं. त्या वर्षी मात्र सगळं नव्या बीजावर होतं. बीज म्हणजे रोहू, कतला, मृगळ यांची बोटाएवढी पिल्लं. ती श्रावणात तलावात पडली तर पुढे मासे, नाही तर नुसतं पाणी.

आणि नुसतं पाणी म्हणजे मिरची. मासे नसले की आमच्या बाया हिवाळ्यात तेलंगणात मिरची तोडायला जातात, महिने न् महिने. माझी मोठी जाऊ, जिला मी बाई म्हणते, ती मासे असोत नसोत, दर वर्षी जायची. येताना हाताची आग आणि छातीतला खोकला घेऊन यायची. शेवटच्या खेपेला खोकला गेलाच नाही. गडचिरोलीच्या डॉक्टरने तिची छाती तपासली आणि सरळ सांगितलं, मिरचीच्या तिखट धुळीपाशी पुन्हा जायचं नाही. बाई घरी येऊन म्हणाली, "यंदा मी नाई जात. तलाव भरला का टोपली घेतो अन् हिंडतो." तिने हे सगळ्या गावाला सांगून टाकलं. मिरचीच्या ठेकेदाराचा फोन आला तेव्हा त्यालाही सांगितलं, आणि चांगलं हसून सांगितलं.

बीज आणायची आमच्याकडे एक रीत आहे. पूर्वी ऑक्सिजनच्या पिशव्या नव्हत्या. बीज हंडीत आणायचे आणि वाटभर हंडीतल्या पाण्यात हात हलवत राहायचं. पाणी हललं की त्यात हवा मिसळते. हात थांबला की बीज मेलं. ते काम बायांचं होतं. आता प्लास्टिकच्या फुगीर पिशवीत पाणी, बीज आणि ऑक्सिजन बंद करून देतात, हात घालायला जागाच नाही, तरी गाडीत संस्थेची एक बाई लागतेच. गावात आल्यावर पाळीवर तिचे पाय धुतात आणि पहिली पिशवी तिच्या हातून सोडतात. त्या वर्षी तो मान आमच्या बाईने मागून घेतला होता.

दुसरी रीत ओल्या पोत्यांची. आदल्या संध्याकाळी गोणपाटाची पोती तलावात भिजत घालायची. सकाळी ती तशीच निथळती गाडीत टाकायची, आणि बीज घेतलं की त्याच्या खाली, वर, मधल्या फटींत कोंबून बसवायची. वरून पळसाची पानं. पोत्यांनी गारवा राहतो हे तर खरंच. पण आमच्या म्हाताऱ्या सांगतात की बीजाला वाटेतच आपल्या तलावाच्या पाण्याची ओळख व्हावी, मग ते गावात रुसत नाही. नवरीला न्यायला गेल्यासारखं आम्ही ते पाणी बीजाला न्यायला नेतो.

बीज वाटायचा ठेका त्या वर्षी एका नव्या कंपनीने घेतला होता. आधी काय व्हायचं ते सांगते, नाही तर मी उगाच यंत्रावर डूख धरून आहे असं वाटेल. आधी आमच्या नावावर निघालेलं बीज वाटेतच कोणातरी पुढाऱ्याच्या शेततळ्यात पोहत जायचं. आम्ही ओरडायचो, वरचे म्हणायचे, तुम्हीच विकलं असेल. म्हणून तालुक्याच्या सभागृहात कंपनीचा माणूस आला आणि त्याने आरएफआयडी म्हणजे काय ते समजावलं, तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या मी वाजवल्या. प्रत्येक क्रेटला एक बिल्ला. बिल्ल्यात बारीकशी चिप. गेटवरच्या कमानीतून रेडिओ लहरी सुटतात, बिल्ला आपला नंबर सांगतो, पडद्यावर क्रेट दिसतो. सगळे क्रेट दिसले की आडवा दांडा आपोआप उठतो आणि गाडी बाहेर. त्याने टेबलावर बिस्किटांची खोकी मांडली, कमानीखालून ढकलली, टिंग टिंग टिंग, एकूण एक खोकं पडद्यावर. उघडून बघायची गरज नाही, मोजायची गरज नाही, कोणाच्या इमानावर राहायची गरज नाही. मला ते शेवटचं फार आवडलं.

बिस्किटं! मासे वाटायची योजना, आणि खेळ करून दाखवला कोरड्या बिस्किटांवर. हे तेव्हा सभागृहात कोणाच्याही डोक्यात आलं नाही, साहेबांच्याही नाही आणि आमच्याही नाही.

बीज घ्यायचं केंद्र वडशाच्या पलीकडे होतं. पहाटे मी, बाई आणि पिकअपवाला भाऊ असे निघालो. झडी संपून उघाड पडली होती. श्रावणातल्या उघाडीचं ऊन कातडी सोलतं. केंद्रावर आमचा नंबर लवकर लागला. पिशव्या फुगवून क्रेटमध्ये बसवल्या, क्रेटला बिल्ले बांधले, आणि आम्ही आमच्या रीतीने गाडी भरली. खाली ओली पोती, मध्ये ओली पोती, वर ओली पोती. बाईने एकेका फटीत हात घालून पोतं नीट दाबलं. भाऊने पळसाची पानं अंथरली. गाडीतून पाणी ठिबकत होतं आणि बाई खोकत खोकत हसत होती.

गाडी कमानीखाली गेली. टिंग. मग थोडं थांबून टिंग. मग काहीच नाही. दांडा हलला नाही.

गेटवरच्या केबिनमध्ये एक साहेब बसला होता. पोट सुटलेला, शांत, चहाचा कप जवळ. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माल कमी आहे."

मी म्हटलं, "कमी कसा? आताच तुमच्या माणसाईनं मोजून देल्ला ना जी."

"सिस्टिमवर येत नाही. गाडी मागे घ्या, परत आणा."

गाडी मागे घेतली, परत आणली. दर वेळी वेगळेच क्रेट पडद्यावर यायचे आणि आधीचे जायचे. आमच्या मागे गाड्या लागल्या, त्या भोंगे वाजवायला लागल्या. साहेब म्हणाला, गाडी बाजूला घेऊन माल खाली उतरवा, एकेक क्रेट कमानीतून न्या. सावलीला जागा नव्हती. सिमेंटचं तापलेलं आवार. आम्ही तिघांनी सगळे क्रेट त्या सिमेंटवर उतरवले.

एकेक क्रेट नेला तरी तेच. कोणता बोलायचा, कोणता मुका. पिशव्या पाण्याने टम्म फुगलेल्या, क्रेटच्या भिंतीला टेकलेल्या, आणि बिल्ले नेमके तिथेच बांधलेले. बाई मुक्या क्रेटवर पुन्हा ओलं पोतं टाकायची, तर साहेब केबिनमधून ओरडायचा, "बाई, ते पोतं काढा आधी! त्यानेच अडतंय." ती पोतं काढायची आणि आपल्या पदराची सावली धरून क्रेटपाशी बसायची. पिशव्यांमधलं बीज वर यायला लागलं होतं. सगळीच्या सगळी तोंडं पाण्याच्या कडेला, उघडमीट करत. मासेवाल्याच्या घरात आलेल्या कोणालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी केबिनच्या खिडकीत डोकं घातलं. "साहेब, तो क्रेट मले दिसून राह्यला. तुमाले दिसून राह्यला का नाई?"

"दिसतोय ना."

"मंग? तुमच्या मशीनले नाई दिसत म्हणून तो नाई आहे का?"

"तसं नाही ताई. पण सिस्टिममध्ये पूर्ण आल्याशिवाय मला दांडा उघडता येत नाही."

"हातानं उचला."

"हाताने उचलला की सिस्टिम चोरी दाखवते."

मी हात जोडले. हे मी पहिल्यांदाच सांगतेय, कारण गावात माझी ख्याती वेगळी आहे. मी त्या माणसाला हात जोडले आणि म्हटलं, एका बाईचा जीव त्यात अडकला आहे. तो बाईकडे बघायला लागला. त्याला वाटलं तिची तब्येत बिघडली. "पाणी देऊ का त्यांना?" असं त्याने विचारलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

शेवटी त्याने नागपूरच्या इंजिनिअरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. इंजिनिअर जेवत असावा, घास चावत बोलत होता. कशाचे क्रेट आहेत, त्याने विचारलं. मासे, पाण्यात आहेत, साहेब म्हणाला. वर ओली पोती होती, तेही सांगितलं.

"अच्छा, पाणी आहे. मग नाही येणार रीडिंग. पाणी त्या लहरी शोषून घेतं. पाणी आणि धातू, दोन्हींचा प्रॉब्लेम असतो. ते नॉर्मल आहे."

नॉर्मल! म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्या बिल्ल्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हा बिल्ला पाण्याशेजारी आंधळा होतो, त्यासाठी तो वेगळा बसवावा लागतो, जरा दूर, उंच, कोरडा. आणि हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी तो पाण्याच्या पिशव्यांना चिकटून बांधायला दिला, कारण त्यांनी कागदावर माल असा शब्द वाचला होता. माल काय आहे हे विचारायला एक फोन पुरला असता. मी त्या स्पीकरवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. आमच्या झाडीच्या बोलीत शिव्यांना काही तोटा नाही, आणि मी त्या दिवशी हात आखडता घेतला नाही.

माझं संपेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "बिल्ले काढून घ्या ना. नुसते बिल्ले दाखवा कमानीला."

साहेबाच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं आलं. भाऊने साहेबाच्या ड्रॉवरमधल्या ब्लेडने बिल्ल्यांच्या पट्ट्या कापल्या. मी बिल्ले पदराला पुसले. सगळे एकावर एक धरले तर काही येत नव्हते, म्हणून पत्ते पिसल्यावर धरतात तसे दोन्ही हातांत पसरून धरले आणि कमानीखाली उभी राहिले. टिंग टिंग टिंग टिंग. एकूण एक. पडद्यावर हिरवा दिवा, आणि दांडा सरसर वर. बीज माझ्या मागे उन्हात, सिमेंटवर पडलेलं. कमानीच्या लेखी ते केव्हाच बाहेर पडलं होतं.

आम्ही घाईने क्रेट चढवले. पिशव्यांमधलं पाणी दुधाळ झालं होतं. आरमोरीच्या पुढे बाईने भाऊला गाडी थांबवायला लावली, मागे जाऊन बसली, एका पिशवीचं तोंड सोडलं आणि सगळं घमेल्यात ओतून घेतलं. बाटलीतलं गार पाणी त्यात घातलं आणि हात हलवायला लागली. गडचिरोली आली, गेली, खड्ड्यांनी गाडी आपटत होती, ती खोकत होती आणि हात हलवत होती. मीही मागे तिच्याजवळ बसले होते. म्हटलं, "बाई, थोडा वेळ मी हलवतो." ती म्हणाली, "हात बदलला का बीज घाबरते." मला माहीत आहे की असं काही नसतं. मी घमेलं धरून ठेवलं.

पाळीवर बाया आरती घेऊन उभ्या होत्या. बाईचे पाय धुतले, कारण ताट तयार होतं आणि काय झालं ते सांगायला कोणाची जीभ उचलेना. पहिली पिशवी तिच्या हातून सोडली. बीज पाण्यावर पांढरं पसरलं आणि तसंच राहिलं. दुसरी सोडली. तिसरीला बायांनी आरती खाली ठेवली. घमेल्यातलं तेवढं जिवंत होतं. ते खाली गेलं, क्षणभर दिसलं आणि पाण्यात नाहीसं झालं. एका घमेल्याने तलाव भरत नाही. त्याच्या मागे बगळे होतेच.

संध्याकाळी माझ्या मोबाइलवर संदेश आला. आपला माल सुखरूप रवाना झाला आहे, सहकार्याबद्दल आभार. मी मोबाइल चुलीत टाकणार होते, नवऱ्याने हातातून काढून घेतला.

मी तक्रार केली. तालुक्याला केली, जिल्ह्याला केली. प्रत्येक टेबलावर मला तोच पडदा दाखवला, त्यावर आमच्या गावाच्या नावापुढे सगळे क्रेट हिरवे. "पूर्ण माल निघाल्याची नोंद आहे, ताई. नंतर वाटेत काही झालं असेल तर ती जबाबदारी संस्थेची." मी कमानीखाली बिल्ले धरून उभी होते, हे मी सांगितलं. ऐकणाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे बिल्ले तुम्ही काढले?" आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं हे ऐकलं होतं. इथे पीठ सांडल्याचा आळही दळायला आलेल्यांवर.

संस्थेतले म्हातारे मला समजावायला आले. "जाऊ दे ना पोरी. पाण्यात राहून माशाशी वैर कायले?"

मी म्हटलं, "मासे तर उरू द्या आधी, मंग करीन वैर."

ते हसले. मी पण हसले. राग तेवढ्याने कुठे जातो.

पुढचं बीज पुढच्या श्रावणात. हंगाम गेला की गेला. दिवाळी झाली, धान कापून झालं, आणि मिरचीच्या ठेकेदाराचा पुन्हा फोन आला. बाई या वेळी हसली नाही. मी तिला म्हटलं, डॉक्टरने काय सांगितलंय ते आठव. ती म्हणाली, "डाक्टर टोपलीत मासे घालून देते का?" मी माझ्या धानातलं देते म्हटलं, तर म्हणाली, तुझ्या घरी खाणारी तोंडं कमी आहेत का? तिचं बरोबर होतं आणि मला ते सहन होत नव्हतं.

गाडी सकाळी आली. बाया गाठोडी घेऊन चढल्या. ठेकेदार मागच्या फळीवर उभा राहिला आणि एकेकीच्या डोक्याकडे बोट करत गेला. ना बिल्ला, ना कमान. मोजून झालं तसं म्हणाला, "एक बाई कमी आहे. कुठी गेली?" एका नजरेत ओळखलं त्याने. तिला बोलवायला मला पाठवलं.

बाई पाळीखाली होती, पायरीच्या दगडावर बसलेली. हात पाण्यात होता आणि ती तो सवयीने हलवत होती. तलाव काठोकाठ होता, थंडीने निवळलेला, आणि त्यात काही नव्हतं. मला पाहून तिने हात काढून लुगड्याला पुसला आणि उठली. चढताना खोकला आला म्हणून थांबली, माझ्या खांद्याला धरलं.

"एक ध्यानात ठेवजो," ती म्हणाली. "पुढल्या खेपेले पोते कोरडे नेजो. आपलंच चुकलं थे. मीच फटीफटीत दाबले होते ना."

एवढे महिने ती हे मनात घेऊन होती. ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यापैकी एकालाही आपलं चुकलं असं वाटलं नव्हतं, आणि हिला वाटलं. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, त्या पडद्यावर, त्या घास चावणाऱ्या माणसावर ओरडावंसं वाटलं, आणि गाडीचा भोंगा वाजत होता.

"नाई नेणार कोरडे," मी म्हटलं. "ओलेच नेईन."

माझा खांदा सोडून ती वर आली आणि गाडीत चढली. ठेकेदाराने तिच्याकडे बोट केलं, मान हलवली, आणि फळी लावली.